खुर्चीवरचा अंगठा

निकाल लागला त्याच दिवशी नाईकनवरे साहेबांची पाठ धरली.

मला काही नवल वाटलं नाही. आयुष्य कोर्टात गेलं माझं. सरकारी अधिकाऱ्याच्या शरीराचा माझा अभ्यास कुठल्याही हाडवैद्याला मागे टाकेल असा आहे. निकाल विरोधात गेला की यांची पाठ धरते. अवमानाची नोटीस आली की रक्तदाब वाढतो. न्यायालयाने जातीने हजर राहायला सांगितलं की थेट छातीत कळ येते. आणि बदली रद्द झाल्याचा फोन आला, की तिन्ही दुखणी एका दमात बरी होऊन साहेब हुरडा पार्टीला जातात.

मी कालिंदी गलांडे, तालुक्याच्या गावी वकिली करते. भालचंद्र नाईकनवरे म्हणजे आमचे जिल्हा खनिकर्म अधिकारी. कुठली दगडखाण कोणाला द्यायची, तिचा पट्टा या माणसाच्या सहीने निघतो. भुंड्या टेकडीच्या पट्ट्यावर पहिला हक्क दगड फोडणाऱ्या वडार बायकांच्या सहकारी संस्थेचा होता. कायद्यात तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. नाईकनवऱ्यांनी काय केलं, तर टेकडी पोपटशेठ ढमाळ नावाच्या क्रशरवाल्याला ‘तात्पुरती’ दिली. मग ते तात्पुरतं वाढवलं, पुन्हा वाढवलं. सरकारी तात्पुरतं हे असंच असतं, माणूस म्हातारा होतो पण ते संपत नाही. शेवटी संस्थेची केस मी खनिकर्म अपील प्राधिकरणात लढवली आणि जिंकले. पट्टा संस्थेला द्या, पोपटशेठची परवानगी रद्द करा, आणि हा निर्णय खालच्या सर्व अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे, असा निकाल आला.

आता ‘बंधनकारक’ या शब्दाची आमच्याकडे काय लाज राहिली होती ते सांगते. पूर्वी असा निकाल खाली आला, की साहेब त्यावर ‘चर्चा करावी’ असं लिहीत. चर्चा झाली की ‘मार्गदर्शन मागवावे’. मार्गदर्शन आलं की ‘फेरसादर’. वरच्या न्यायाधिकाऱ्याने दिलेला निर्णय पटतो का, यावर खालचा माणूस आपल्या खुर्चीत बसून विचार करणार! हायकोर्टाने ताशेरे ओढून ओढून हात दुखवून घेतले, पण यांच्या कातडीला ओरखडा गेला नाही. गेंडासुद्धा शरमेल हो.

तेव्हा कुठे ‘साखळी’ आली.

साखळी हे यंत्र म्हटलं तर यंत्र, म्हटलं तर निव्वळ गणित. हल्ली कुठल्याच अधिकाऱ्याची सही शाईची नसते. अंगठा ठेवला की एक भलामोठा गुप्त आकडा उमटतो, तीच सही. साखळीत हा आकडा आभाळातून पडत नाही. तो वरच्या अधिकाऱ्याच्या आकड्यातून जन्माला येतो, त्याच्यातून त्याच्या खालच्याचा, असं तलाठ्यापर्यंत. एखादा बंधनकारक निर्णय आला की तो वरच्या आकड्यात मिसळतो आणि वरचा आकडा बदलतो. खालच्याने मुदतीत निर्णयाची अंमलबजावणी करून अंगठा ठेवला, की त्याचाही आकडा नव्याने जन्म घेतो आणि नातं टिकतं. नाही ठेवला, तर त्याच्याकडे जुना आकडा उरतो, आणि त्या आकड्याला राज्यातलं एकही यंत्र ओळखत नाही. सही अनाथ होते. शिक्षा कोणी देत नाही, म्हणून माफीही कोणाकडे मागता येत नाही. मंत्र्याचा फोन गणिताला लागत नाही.

कल्पना अगदी साधी होती. वरचा आदेश तुझ्यावर बंधनकारक नसेल, तर तुझा आदेश खालच्यावर कसा बंधनकारक असेल? शेजारच्या जिल्ह्यात एका साहेबाची सही अशी अनाथ झाली. तो रोज खुर्चीत येऊन बसतो. शिपायाला चहा आण म्हणाला तर शिपाई म्हणतो, ‘साहेब, हा आदेश मला लागू आहे का, ते बघून सांगतो.’ त्याच्या बदलीच्या आदेशाला पोच द्यायलाही सही लागते, म्हणून त्याची बदलीसुद्धा होत नाही. ऐकलं तेव्हा मी त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

यातून सुटायला दोनच वाटा ठेवल्या होत्या. एक, ज्याच्या बाजूने निकाल लागला त्याने आपणहून मुदत वाढवायला संमती द्यायची. आणि दुसरी, ती मुदत आपल्या नावावर संपूच द्यायची नाही.

म्हणून नाईकनवरे साहेबांची पाठ. निकालाची पोच द्यायच्या आत ते वैद्यकीय रजेवर गेले. कार्यभार त्यांच्या खालच्या उपअधिकाऱ्याकडे आला. त्याला सासऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन आठवलं. मग कार्यभार आला त्याच्या खालच्याकडे. तो सहायक भूवैज्ञानिक. नाव तन्मय गलांडे. माझा मुलगा.

बघा, किती विचार केला असेल मेल्यांनी! दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारे मी पुष्कळ पाहिले. पण ज्या बाईवर गोळी झाडायची, तिच्याच पोराचा खांदा शोधून काढणारे हेच.

त्याच संध्याकाळी नाईकनवऱ्यांचा फोन आला. सुनावणीत मी ‘मॅडम’ असते, अडचणीत ‘ताई’ होते.

“ताई, पाठीने अगदी हैराण केलंय बघा. तन्मयची मला फार काळजी वाटते.”

“पाठीवर झोपून काळजी करताय की कुशीवर?”

ते हसले. यांना लाज सोडून सगळं येतं. “चेष्टा बाजूला ठेवा. पोरगा हुशार आहे, पुढे जाईल. तुम्ही संस्थेकडून जरा मुदतवाढीची संमती दिलीत, तर सगळ्यांचंच भलं होईल. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं नको व्हायला.”

“आणि मुदत वाढवली की टेकडीचं काय होईल?”

“टेकडी काय, तिथेच असणार.”

मी फोन ठेवला. टेकडी तिथे नसणार हे त्यालाही ठाऊक होतं. निर्णयाची अंमलबजावणी होईपर्यंत जुनी परवानगी जिवंत राहत होती, आणि पोपटशेठने निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून दगड फोडायचे ब्रेकर दुप्पट केले होते. हे ब्रेकर बिनमाणसांचे. परवानगीचा आकडा मिळत राहिला की चालत राहतात, ना जेवण ना झोप. मुदतवाढ संपेपर्यंत बायकांच्या वाट्याला पट्टा आला असता आणि पट्ट्यात एक खड्डा.

रात्रीच्या जेवणाला तन्मय माझ्यासमोर बसला. त्याचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघंच. ताटातली मेथी तो नुसती इकडून तिकडे करत होता.

“आई, एक संमती. तुझ्या फोनवरून होईल. साहेब परत येतील आणि त्यांचं ते निस्तरतील.”

“साहेब परत येतील, मग तिसऱ्याची पाठ धरेल, मग पुन्हा तुझ्याकडे येईल. तू सही का करत नाहीस?”

“सही कर म्हणणं सोपं आहे. माझा गोपनीय अहवाल नाईकनवरे लिहितात. पोपटशेठ ज्यांना गाडीतून फिरवतो ती माणसं कोण आहेत, माहितीये ना? परवा एक जण ऑफिसात येऊन मला नुसतं नमस्कार करून गेला.”

“नाही केलीस, तर सही मरेल तुझी.”

“म्हणून तर तुला सांगतोय!” त्याने ताट सरकवलं. “तू माझी आई आहेस की त्या बायकांची वकील?”

“दोन्ही आहे.”

“मग आज कोण बोलतंय?”

लहानपणी ताप आला की तो माझ्या काळ्या कोटाची बाही धरून झोपायचा. तोच आता मला पक्षकार विकायला सांगत होता, आणि मला त्याचा राग आला तेवढीच त्याची भीतीही कळत होती. मी म्हटलं, “जेव आधी.” तो न जेवता उठला.

पोरगं वाईट नव्हतं. पण ऑफिसात ही मुलं जे बघतात तेच शिकतात. आणि शिकायला पाठवतातही यांनाच. साखळी आली तेव्हा तिचं आठवडाभराचं प्रशिक्षण पुण्यात होतं. नाव नाईकनवऱ्यांचं आलं होतं. साहेब लोक प्रशिक्षणाला स्वतः कधी जात नाहीत, ज्युनिअरला पाठवतात. तसा तन्मय गेला, जाडजूड पुस्तिका घेऊन आला, आणि साहेबांनी ती कपाटावर ठेवून दिली.

दोन दिवसांनी नागव्वा विटकर आल्या. या संस्थेच्या अध्यक्ष. दगडाची कपची उडून यांच्या थोरल्याचा डोळा गेला होता, तोही पोपटशेठच्याच खाणीत मजुरी करताना. खुर्ची दिली तरी त्या बाकावरच बसल्या.

“वकीलबाई, खुर्चीवर तुमचं लेकरू बसवलंय म्हणं.”

“हो.”

“सही न्हाई केली तर त्येची नोकरी मेली.”

“तसंच काहीसं.”

“मग द्या मुदत. आमाला थांबायची सवय हाय. लेकरू म्हंजे काय, ते मला नका शिकवू.”

जिचा डोंगर रोज गाड्यांतून चाललाय ती बाई माझ्या पोराची नोकरी वाचवायला निघाली होती, आणि ज्याने खेळ मांडला तो पाठीला शेक घेत पडला होता. मला रडू आलं. पक्षकारासमोर रडायची ती माझी पहिलीच वेळ. नागव्वांनी माझ्याच टेबलावरचा पाण्याचा पेला माझ्यापुढे केला.

“नागव्वा, तुमची वकील म्हणून सांगते, संमती देऊ नका. मुदत वाढली की टेकडी संपली.”

“आणि आई म्हणून?”

“आईला विचारू नका.”

त्यांनी विचारलं नाही. संमती दिली नाही. तन्मयला मी तसं सांगितलं, तेव्हा तो नुसतं ‘बरं’ म्हणाला. त्यानंतर घरात आम्ही दूधवाल्याबद्दल आणि गॅसबद्दल तेवढं बोलत होतो.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्यानेच मला फोन केला. “आई, आज पट्ट्यावर सही करतोय. नागव्वांना आणि सगळ्या बायकांना घेऊन ये. पेढे मी आणतो.”

मला काय वाटलं असेल! देव्हाऱ्यात दिवा लावला मी, आणि मी काही देवभोळी नाही. शेजारच्या बाईंना सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं. गलांड्यांचं रक्त, म्हटलं.

ऑफिसात पोहोचलो तर खरंच सोहळ्याची तयारी. टेबलावर हार, पेढ्यांचा पुडा, पडद्यावर पट्टा तयार, फक्त अंगठा ठेवायचा बाकी. तन्मय कारकुनांना मोठ्या आवाजात सांगत होता, “आज भुंड्या टेकडीचा निकाल लावतोय. सगळ्यांना कळू द्या.”

“मग ठेवा की अंगठा, साहेब,” नागव्वा म्हणाल्या.

“सगळ्या बायका येऊ देत.”

सगळ्या बायका आल्या. मग त्याला नारळ हवा होता. नारळ आला. मग फोटोवाला. जेवणाची सुट्टी झाली, उन्हं कलली, ऑफिस सुटायची, म्हणजेच मुदत संपायची वेळ जवळ आली. तन्मयचं लक्ष पडद्यावर नव्हतं, खिडकीतून दिसणाऱ्या फाटकावर होतं. मला वाटलं, फोटोवाल्याची वाट बघतोय. आईचं डोकं कुठे चालतं अशा वेळी!

फाटकातून गाडी आली आणि आतून नाईकनवरे उतरले. कमरेला रुंद पट्टा बांधलेला, आणि पायऱ्या मात्र दोन-दोन चढत. बातमी पोहोचली होती. बरोबर पोपटशेठ, पांढऱ्याफेक कपड्यांत.

“ऊठ,” नाईकनवरे तन्मयला म्हणाले. “मी रजा संपवून रुजू होतोय. कार्यभार परत दे.”

“साहेब, आपली पाठ?”

“बरी झाली. ऊठ तू!”

तन्मय उठला. कार्यभाराच्या पानावर त्याने अंगठा ठेवला, नाईकनवऱ्यांनी ठेवला, आणि खुर्ची त्यांची झाली. नागव्वांनी माझा दंड घट्ट धरला.

नाईकनवरे खुर्चीत रेलले. “आता बघू कसा पट्टा निघतो ते. मॅडम, आपल्या मुलाने पोच दिली होती निकालाची. मुदत त्याच्या नावावर चालली आणि त्याच्याच नावावर संपेल. मला वाईट वाटतं.”

जुन्या जमान्यात हे खरं होतं. ज्याने पोच दिली तो मेला, बाकीचे मोकळे. त्या एका नियमावर या माणसाने अख्खी नोकरी काढली होती.

“साहेब,” तन्मय शांतपणे म्हणाला, “साखळी पोच बघत नाही. वेळ संपताना खुर्चीवर अंगठा कोणाचा आहे, तेवढंच बघते. पुस्तिकेत आहे. आपल्या कपाटावर.”

पडद्यावर नाईकनवऱ्यांचं नाव लाल झालं होतं, आणि त्याखाली उरलेली मिनिटं पळत होती.

मी आयुष्यात पुष्कळ चेहरे उतरताना पाहिले, पण असा नाही. आधी त्यांनी वर फोन लावला. वरचे साहेब मीटिंगमध्ये होते. पुन्हा लावला, मीटिंग अजून चालू होती. मग ते कारकुनांवर ओरडले, “कोणीतरी कार्यभार घ्या माझ्याकडून! लेखी आदेश देतो!” पण कार्यभार घ्यायला घेणाऱ्याचाही अंगठा लागतो. एक कारकून पाणी प्यायला गेला. दुसऱ्याला गावाहून फोन आला. बघता बघता त्या खोलीत बायका, पेढे आणि आम्ही उरलो.

“तन्मय, तू घे. बाळा, तू घे परत.”

“साहेब,” तन्मय कमरेवर हात ठेवून म्हणाला, “माझी पाठ धरलीय.”

बायका खो खो हसल्या. मीही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नाईकनवऱ्यांनी माझ्याकडे वळून हात जोडले. “ताई, थोडी मुदत. फक्त उद्यापर्यंत.”

“तुमच्यावर निर्णय बंधनकारक आहे, भालचंद्रराव. चर्चा करायची आहे का?”

पोपटशेठने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, “साहेब, हिंमत धरा, आपण बघून घेऊ.” नाईकनवऱ्यांनी तो हात झटकला. ज्याच्यासाठी एवढी वर्षं कायदा चघळला, त्याला त्यांनी एका झटक्यात सोडलं. स्वतःची कातडी म्हटली की यांना कोणी सोयरा नाही. पट्ट्यावर अंगठा टेकवला, तर तो घामाने ओला म्हणून यंत्राने पहिल्यांदा घेतला नाही. दुसऱ्यांदा सदऱ्याला पुसून टेकवला. नाव हिरवं झालं.

थोड्या वेळाने नागव्वांच्या पोराचा टेकडीवरून फोन आला. “आये, समदी मशिनं गप झाली. दगडात दात तसाच रुतून ऱ्हायलाय.” नागव्वांनी फोन सगळ्या बायकांच्या कानाला लावून दाखवला. ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी प्रत्येकीने ऐकलं.

टेबलावरचा हार नागव्वांनी उचलला आणि तन्मयच्या गळ्यात घातला. “तुमच्यासारखा एक साहेब आमाला आधीच गावला असता तर!” एका म्हातारीने त्याच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. तन्मयने मान झुकवली आणि हार घेतला. फोटोवाल्याने फोटो काढला.

माझं हसू तिथेच थांबलं.

घरी येताना गाडी तो चालवत होता, हार मागच्या सीटवर. कितीतरी दिवसांनी शीळ घालत होता.

“तन्मय, नाईकनवरे आला नसता तर?”

“येणारच होता गं. पोपटशेठच्या माणसाला मीच सकाळी कळवायची व्यवस्था केली होती.”

“ते नाही विचारलं मी. आला नसता, तर तू सही केली असतीस?”

शीळ थांबली. त्याने गिअर बदलला, आरशात बघितलं, समोरच्या टेम्पोला विनाकारण हॉर्न दिला.

“आई, काम झालं ना? पट्टा निघाला. माझी सही वाचली. आणि माझ्या सहीने निघाला नाही, म्हणजे उद्या मला कोणी विचारणारही नाही. सगळे खूश. आणखी काय पाहिजे तुला?”

मी बाहेर बघत बसले. टेकडी वाचली होती, हे खरं. नागव्वांना न्याय मिळाला, हेही खरं. एका डरपोकाने दुसऱ्या डरपोकाला चलाखीने खुर्चीत कोंडलं आणि त्यातून तो मिळाला. त्या अख्ख्या खोलीत निर्णय बंधनकारक आहे म्हणून पाळायचा, असं एकाच्याही मनात आलं नव्हतं. आणि त्यातला एक मी नऊ महिने पोटात वागवला होता.

“एवढं डोकं चालवलं,” तो लाडात येऊन म्हणाला, “दोन शब्द बरे बोलशील की नाही?”

“तू फार मोठा साहेब होशील,” मी म्हटलं.

त्याचा चेहरा खुलला. “थँक्यू, आई,” तो म्हणाला, आणि पुन्हा शीळ घालायला लागला.